मागून आणलेला विस्तव

रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की मी उठून तो मालवतो, आणि आमच्या घरातली मंडळी एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. काटकसरीत मी एकदा इतका तरबेज झालो होतो की माणसांवाचून राहायची पाळी आली, हे त्यांना सांगूनही खरं वाटत नाही.

निजामाच्या अमदानीत, लढाईच्या दिवसांत, मी पाथरीकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. लग्न व्हायचं होतं. खोलीत मी आणि चूल, दोघंच. घासलेट मिळेनासं झालं होतं, आणि काडेपेटी हाताशी असली तरी काडी ओढायला जीव होत नसे. शेजारच्या मावशी रात्री चुलीतला विस्तव राखेखाली जपून ठेवत, आणि सकाळी तोच गल्लीत दारोदार जाई. मीही गवरीचा तुकडा घेऊन त्यांच्या दारात उभा राही. त्या त्यावर निखारा ठेवत. गवरी धरेपर्यंत मी फुंकत बसे, आणि तेवढ्यात त्या सगळं विचारून घेत. भाजी काय करणार, आईचा कागद आला का, पोरगी कुठं बघितली का. माझी पोळी म्हणजे तालुक्याचा नकाशा, असंही एकदा म्हणाल्या.

मग दिवसभर शाळेत सगळं शिकवणं उर्दूतून. माझं उर्दू असं, की पोरं अदबीनं हसू दाबत. दिवेलागणीनंतर घरातला विस्तव कुणी बाहेर देत नसे, म्हणून संध्याकाळी मी सकाळचीच भाकरी अंधारात खाऊन घेई.

एकदा सकाळी राख उकरली तर माझ्याच चुलीत लाल निखारा. मावशी रोज करत तेच, पण मला वाटलं, शोध मीच लावला. त्या दिवसापासून मी विस्तव राखायला लागलो. काडी वाचली, खेप वाचली, संध्याकाळची भाकरी गरम झाली. गरम भाकरी खाताना लक्षात आलं की दिवसभरात आपल्या बोलीतला एक शब्दही तोंडातून निघालेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तव्याशी बोलून पाहिलं, पण तवा माझ्यापेक्षा अबोल.

मावशी रस्त्यात दिसल्या की पदर सावरून दुसरीकडे बघायच्या. शेवटी आडावर त्यांनीच गाठलं.

"मास्तर, आमच्या घरचा इस्तू कामून नको झालाय? कुनी काय बोललं का?"

तेव्हा उमजलं. त्या गावात एखाद्या घरचा विस्तव घेणं बंद करणं म्हणजे त्या घराशी बोलणं तोडणं. मी घाईघाईनं राखेची युक्ती सांगितली, काटकसर सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं हाय" म्हणाल्या आणि घागर उचलून निघून गेल्या. त्यांना पटलं नव्हतं. माझ्या तोंडून निघालं तेव्हा मलाही पटलं नाही.

दुसऱ्या सकाळी राख बाजूला केली. निखारा चांगला रसरशीत होता. मी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, धोतरावर उडालेली राख झटकली आणि गवरी घेऊन मावशींच्या दारात गेलो.

"चूल इझली व्हय?"

"विझली," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या धोतरावरच्या ओल्या राखेकडे पाहिलं. मग निखारा ठेवला आणि पाट पुढं सारला.

"बसा. गवरी वली दिसायलीय, येळ लागंल."

गवरी खडखडीत वाळलेली होती. मी बसलो.