कोशाच्या रानात माझं पाऊल

मी मॅट्रिक नापास झाले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुढची दोन वर्षं जे दिसेल त्यात हात घालून पाहिला. साकोलीला शिलाई शिकले, पण पोलक्याच्या दोन बाह्या कधी सारख्या बसल्या नाहीत. बालवाडीत पोरं सांभाळली, तर त्यांच्याआधी मीच रडकुंडीला यायची. "हिचं मन कुठंच लागत नाही," आई म्हणायची. खरं होतं, म्हणूनच माझं डोकं फिरायचं.

आम्ही तलावात मासे धरणारी माणसं. पावसाळ्यात मात्र घरचे पुरुष जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडे पाळत. त्याचा नेम कडक. कोसे, म्हणजे किड्यांनी विणलेले रेशमाचे कोश, झाडावरून उतरेपर्यंत पाळणाऱ्यानं मासळी खायची नाही आणि बाईनं त्या रानात पाय ठेवायचा नाही.

त्या वर्षी बाबांचा पाय मोडला आणि सगळं रान दादाच्या गळ्यात पडलं. एकट्याला किडे टिपणारी पाखरं आवरेनात, तेव्हा तोच म्हणाला, "चाल माह्यासंग. कायले भेतेस? बाबाले कळलं तं मी पाहून घेईन."

सरपणाचं निमित्त करून मी महिनाभर रोज रानात गेले. गुलेलीनं कावळे हाकलले, पाला संपला की किडे दुसऱ्या झाडावर नेले. कुठला किडा नीट खातो, कुठला सुस्त पडलाय, हे मला लांबून कळू लागलं. दिवस कसा मावळायचा ते समजायचं नाही. हेच आपलं काम, असं मी ठरवूनही टाकलं. बाबांना एकदा तयार कोसे दाखवले की ते नाही म्हणणार नाहीत, असं वाटत होतं.

मग एका झाडावरचे किडे मऊ पडलेले दिसले. "दादा, हे आजच वेचून लांब पुरून टाक, नाहीतर रोग पसरेल," मी म्हटलं. "उद्या पाहू," म्हणत तो पानात गुंडाळून आणलेली भाजलेली मासळी खायला बसला. आपलाच भाऊ म्हणून मी हे घरी सांगितलं नाही. चार दिवसांत अर्ध्या रानातले किडे फांद्यांना उलटे लटकून मेले.

"नेम कोनं मोडला?" बाबांनी अंगणात विचारलं.

दादानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ही येत होती रानात. म्या नाही म्हटलं, तरी आयकली नाही."

मी सगळं सांगितलं. मासळीचं सांगितलं, किडे वेचायला सांगितले होते तेही सांगितलं.

"आपलं पाप भावाच्या डोक्यावर टाकतेस काय?" बाबा म्हणाले. रान माझ्यासाठी कायमचं बंद झालं.

पुढच्या हंगामात दादा परसात आला. हातात ऐनाची फांदी, तिच्यावर एक किडा. "पाहून सांग ना, याले काय झालं?"

ती फांदी त्याच्या तोंडावर मारावीशी वाटली. पण किडा अजून जिवंत होता. मी पाहिलं आणि काय करायचं ते सांगितलं.

त्या वर्षी कोसे भरपूर उतरले. अंगणात बसलेल्या पाहुण्यांना बाबा सांगत होते, "पोराची नजर मोठी पारखी आहे." दादा हसून ऐकत होता. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.