तिसऱ्यांदा आग्रह

प्रसन्न हा माझ्या धाकट्या बहिणीचा, पद्मजाचा मुलगा. इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीत, डॉक्टरांची मुलं डॉक्टर होतात. हा २००२ साली अमेरिकन सैन्यात गेला. बायका पद्मजाला भेटायला अशा येत, जणू घरात कुणी गेलंय.

दोन वर्षांनी इराकमधलं एक गाव त्याच्या ताब्यात आलं. पाणी, शाळा, पोलीस, सगळं. वय सत्तावीस.

"म्हणजे तू कलेक्टर. इंग्रजांनी आपल्याकडे पाठवले तसला," मी फोनवर म्हटलं.

"मावशी, प्लीज, लेक्चर नको."

गावाचं मंडळ नेमायचं होतं. अध्यक्ष म्हणून त्यानं पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर हमीद यांना गाठलं. चहा पाजून ते नको म्हणाले. आठवड्यानं पुन्हा नको.

"मग?"

"मग तिसऱ्यांदा गेलो. तूच शिकवलंस ना, दोनदा नको म्हणायची रीत असते, तिसऱ्यांदा वाढायचंच. हो म्हणाले."

शिकवलं होतं खरं, पंगतीत श्रीखंड वाढताना. पण दारात चार बंदूकवाले उभे असताना माणूस तिसऱ्यांदा दुसरं काय म्हणणार? हे तेव्हाच विचारायला हवं होतं. मी नुसती हसले.

शपथविधी गुरुवारी होता. सोमवारी हमीदांच्या दाराला चिठ्ठी लागली: खुर्चीत बसलास तर मुलींसकट मारू. प्रसन्न वरिष्ठांकडे गेला. ते म्हणाले, पत्रकार येताहेत, नाव बदलायचं ते गुरुवारनंतर बघू.

मंगळवारी त्याचा फोन. "त्यांचं नाव मी दिलं, मावशी."

"मग तूच काढ."

"कोर्टमार्शल होईल."

"होईल तर होईल. पद्मजाला मी सांगेन."

गुरुवारी फोन नाही. शुक्रवारीही नाही. पद्मजा माझ्याकडे येऊन बसली होती. आम्ही दोघींनी टीव्ही लावला नाही.

शनिवारी फोन वाजला. बुधवारी पहाटे, कुणाला न विचारता, त्यानं आपल्याच गाड्यांतून हमीद, त्यांची बायको आणि दोन मुली जॉर्डनच्या हद्दीवर पोचवल्या होत्या. गुरुवारी पत्रकारांसमोर खुर्ची रिकामी.

कोर्टमार्शल झालं नाही. बढती मात्र थांबली ती थांबलीच. २००७ मध्ये तो बाहेर पडला. आता इथल्याच पाणीखात्यात आहे.

परवा आमच्याकडे जेवायला होता. वाढायला उभा राहिला. माझे यजमान श्रीरंग सवयीनं "नको, नको" म्हणाले. प्रसन्न श्रीखंडाचं पातेलं घेऊन सरळ पुढच्या ताटाकडे गेला.

"अरे, रीत असते ती," श्रीरंग म्हणाले.

"काका, हवं असेल तर हवं म्हणा."