शेजारच्या खाटेवरची मूळ संख्या

कपाशीवर फवारणीचे दिवस होते. वावरातच मोठ्या भावाला उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधार आला... बाभुळगावहून तसंच उचलून त्याला यवतमाळला दवाखान्यात आणलं.

वॉर्ड फवारणीचं विष बाधलेल्यांनीच भरला होता. भावाच्या केसपेपरवर नंबर होता १००१५२. वहिनीने कालपासून काही खाल्लं नव्हतं. म्हणाली, "भाऊजी, नंबर कसा हाय?"

आमच्याकडे गाडी घेतली तरी आधी नंबरातल्या अंकांची बेरीज करतात. नऊ आली की शुभ. इथे नऊच आली. मी तसं सांगितलं आणि वहिनीने दोन घास खाल्ले. नवाने भाग जाणाऱ्या कुठल्याही संख्येची बेरीज शेवटी नऊच येते, एवढंच ते.

शेजारच्या खाटेवर महागावकडच्या तांड्यावरचा एक तरुण मजूर होता. त्याची आई ऐकत होती. "भाऊ, माह्या पोराचा बी पाहा ना."

१००१५३. बेरीज दहा, म्हणजे एक.

"काहून गप झाले? वाईट हाय का?"

खोटं बोलवेना. "थांबा माय, नीट पाहतो," म्हणालो आणि पेपरच्या कडेला भागाकार करत बसलो. तीन नाही, सात नाही, अकरा नाही, तेराने एक उरतो... एवढ्या संख्येला तीनशे सोळाच्या पुढे पाहावं लागत नाही, पण तिथपर्यंत जाण्यात दुपार सरली. माय पदराने पोराच्या तोंडावरचा फेस पुसत होती आणि माझ्या पेनाकडे पाहत होती.

"माय, ही मूळ संख्या हाय. हिले फक्त एकाने भाग जाते, नाही तं तिचा तिलेच. बाकी कोनाचाच जात नाही."

"म्हंजे त्याले कोनीच नाही?"

"एक हाय ना."

तिने जरा विचार केला. "बाप तं दारू पिऊन कुठं पडला असन. मंग तो एक म्हंजे मीच." आणि पोराचा हात धरून बसली. चेहरा थोडा सैल झाला होता.

सकाळी तो पोरगा गेला.

त्याला न्यायला गाडी आली तेव्हा ती माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, आता बोल लावेल. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, नुसता एक राह्यला तं त्याले काय म्हंतेत?"

गावच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं... एक ही संख्या मूळही नाही आणि संयुक्तही नाही. ती कोणत्याच गटात बसत नाही. मी हात जोडले.

भाऊ वाचला. एका डोळ्याने अंधुक दिसतं, पण वाचला. घरचे म्हणतात, नऊ पावला. मी संध्याकाळी दिवा लावताना देवाचे आभार मानतो आणि मग त्या बाईसाठी मागायला लागतो... तिचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून नुसतं 'ती माय' म्हणतो. देवाला तेवढं पुरत असावं.