बारा वाटे

गिरिधरबुवांना रोग झाला आहे हे सगळ्यांत आधी मुंग्यांना कळलं.

एकोणीसशे पस्तीसचा उन्हाळा होता. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या घरामागच्या मोरीपाशी काळ्या मुंग्यांची रांग लागायची. यमुताई रोज राख टाकायच्या, आणि दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा हजर. बुवा हसायचे. "आचाऱ्याच्या घरी मुंग्या नाही येतील तं कोठी येतील वं?" मग एका सकाळी त्यांनी नीट पाहिलं. मुंग्या शेजारच्या खरकट्याला शिवत नव्हत्या. ते स्वतः जिथे लघवीला बसत, तिथेच त्या गोळा होत होत्या. तो सबंध दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही.

बुवा तेव्हा शेचाळीस वर्षांचे होते. नागपुरात आणि आसपासच्या गावांत त्यांच्या हातच्या पुरणाचं नाव होतं. जिलबीचा पाक चाखून ते सांगत, अजून इतका वेळ, आणि चूक कधी व्हायची नाही. हाताखाली रामाजी नावाचे म्हातारे आचारी होते. त्यांनी वीस वर्षं बुवांचं पुरण वाटलं होतं. पण त्या वर्षी बुवांना तहान आवरेना. घागरभर पाणी पिऊनही घशाला कोरड पडायची. मानेवरचं गळू दोन महिने वाहत होतं आणि धोतर कमरेवर ठरत नव्हतं. शेवटी यमुताई त्यांना सीताबर्डीला अनंतराव डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर तरुण होते, कलकत्त्याला शिकून आले होते.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात बुवांच्या लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं आणि मग एकदम विटेसारखं लाल.

"तुमच्या लघवीत साखर आहे," डॉक्टर म्हणाले.

बुवांना तो अपमान वाटला. ज्या साखरेनं त्यांना मान दिला, ती आता मुतातून वाहत होती.

औषधापेक्षा जेवणावरच भिस्त होती. डॉक्टरांनी कागदावर बारा रेघा ओढल्या. "दिवसाला बारा वाटे. एक वाटा म्हणजे दोन तोळे भाकरी, नाहीतर तीन तोळे भात, नाहीतर पावशेर दूध. कुठलेही घ्या, पण दिवसभरात बाराच्या वर जायचं नाही. पालेभाजी लागेल तेवढी खा. साखर आणि गूळ बंद."

"आणि पुरण?" बुवांनी विचारलं.

"पुरण दुसऱ्यांसाठी."

यमुताईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी शेजारच्या सोनाराकडून जुना तराजू मागून आणला आणि एका वाटीत बारा चिंचोके ठेवले. बुवांच्या पानात एक वाटा पडला की एक चिंचोका उचलायचा. वाटी रिकामी झाली की जेवण संपलं. पहिल्याच दिवशी बुवा तराजूत पडलेल्या भाकरीच्या तुकड्याकडे बघत राहिले. चारशे माणसांच्या पंगतीत आग्रह करून वाढणारा माणूस! आता त्याची भाकरी सोन्यासारखी तोलली जात होती, आणि दिसत होती भिकाऱ्याला टाकलेल्या तुकड्यासारखी. सोबत चवळईची उकडलेली भाजी. तेल थेंबभर. तिचा हिरवा, चिकट लगदा जिभेवर आला की त्यांना तळ्यातलं शेवाळ तोंडात घेतल्यासारखं व्हायचं.

त्याहून वाईट होती सकाळची नळी. डॉक्टरांनी औषध आणि दिवा घरी दिला होता. रोज तपासायचं, रंग लक्षात ठेवायचा.

"घरात मूत शिजवायचं?" यमुताई पदर नाकाला लावून म्हणाल्या. "त्याच हातानं तुम्ही देवाचा नैवेद्य करसान?"

"मले का हौस आहे वं?" बुवा ओरडले.

शेवटी गोठ्यामागे दगड मांडला. तिथे बसून बुवा रोज नळी तापवत. तो उष्ण, आंबूस वास कपड्यांना धरायचा. आंघोळ केली तरी त्यांना तो आपल्या बोटांना येतोय असं वाटायचं. पुरणाला हात लावताना बोटं आपोआप नाकाकडे जायची.

दोन महिने त्यांनी हे सोसलं. रंग लालवरून हिरव्यावर आला. मग श्रावणात सक्करदऱ्याला एका बागेत मोठं जेवण होतं. बासुंदी आटली, माणसं जेवून उठली, आणि पातेल्याच्या कडेला साय उरली. बुवांनी ती खरवडून खाल्ली. मग तीन पुरणपोळ्या खाल्ल्या, उभ्यानं, भिंतीकडे तोंड करून, चोरासारख्या. दुसऱ्या दिवशी गोठ्यामागे जाताना त्यांनी लोट्यातलं पाणी लघवीच्या बाटलीत मिसळलं. नळी फिकट हिरवी राहिली. यमुताई म्हणाल्या, "देव पावला." बुवांना स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण एकदा जमलं म्हटल्यावर ते तसंच करत गेले. दिवाळी गेली तरी खाणं चोरून आणि पाणी मिसळून.

मार्गशीर्षात एका लग्नात जिलबी तळताना रामाजी एकदम थांबले. "बुवा, तुमच्या पायावर पाक सांडला ना गा!"

बुवांनी खाली पाहिलं. उजव्या करंगळीवर उकळता पाक पडून फोड टरारला होता. त्यांना काहीच कळलं नव्हतं. ना आग, ना चटका. ते पायाकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखे बघत राहिले.

फोड फुटला आणि बरा होईना. आठवड्यात बोट काळं पडलं. पू धरला. वास असा की यमुताई समोर ताट ठेवून मागे सरकत. माशा पायाभोवती घोंघावायच्या. आयुष्यभर बुवांनी मिठाईवरच्या माशा हाकल्या होत्या. आता त्या त्यांच्यावर बसत होत्या. अनंतराव डॉक्टरांनी पाय पाहिला आणि विचारलं, "नळीचा रंग कसा आहे?"

"हिरवा," यमुताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तिथेच ताजी लघवी तपासली. वीट. त्यांनी नळी बुवांपुढे धरली. मग बुवांनीच खाली मान घालून सांगितलं, पाण्याचं, सायीचं, सगळं. यमुताई उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी रोज तो घाणेरडा वास सहन करून राहिली, आन् तुम्ही पाणी टाकून राहिले!"

करंगळी कापावी लागली. पाय वाचला.

त्यानंतर बुवांनी बारा वाटे पाळले. शहाणपण आलं म्हणून नाही. त्या सडक्या वासाची किळस उकडलेल्या भाजीच्या किळसेपेक्षा मोठी होती, एवढंच. नळी आता यमुताई स्वतः तापवायच्या, नाकाला पदर न लावता.

काम मात्र सोडता येत नव्हतं. बुवा पाक जिभेवर घेत आणि राखेच्या भांड्यात थुंकत. छत्तीसच्या वैशाखात पारशिवनीचे जमीनदार गोपाळराव मालगुजार यांच्या मुलीचं लग्न होतं. भल्या सकाळी मालगुजारांच्या बहीण जिजाबाई भटारखान्यात आल्या आणि त्यांनी ते थुंकणं पाहिलं.

"आचारी थुंकते! लग्नाच्या अन्नापाशी!" त्यांनी सगळा मांडव गोळा केला.

बुवा पळी हातात घेऊन उभे राहिले. चाळीस माणसं त्यांच्याकडे शेणाकडे बघावं तशी बघत होती. "मले मधुमेह आहे," ते म्हणाले. "गिळलं तं पाय सडते. हा पाहा." आणि त्यांनी चार बोटांचा पाय पुढे केला. बायकांनी तोंडं फिरवली. रामाजी पुढे झाले. "आता पाक मी चाखतो. बुवा वासावर आन् तारेवर सांगतील." बुवांनी पाकाचा थेंब दोन बोटांत धरला, तार ओढून पाहिली, आणि म्हणाले, "अजून थोडा." रामाजींनी चाखून मान हलवली. तेव्हा कुठे लोक पांगले.

गोपाळराव मात्र मागे राहिले. अंगानं भरलेला माणूस, पण गाल बसले होते. बोलता बोलता त्यांनी दोन लोटे पाणी संपवलं. "बुवा, या रोगात तहान लागते काय गा?"

बुवांनी त्यांना बैलांच्या गोठ्यात नेलं. दिवा आणि नळी ते सोबत ठेवत. गोपाळरावांची नळी वीटही नाही, त्याहून गडद झाली. बुवांनी वाटे सांगितले, चिंचोके सांगितले. मालगुजारांनी नळीकडे आणि मग बुवांकडे पाहिलं.

"तोललेली भाकर मी खाऊ? माह्या घरी कुत्र्यालेही तोलून देत नाही."

"मग कापलेला पाय तोलायची तयारी ठेवा, मालक," बुवा म्हणाले. गोपाळराव रागानं निघून गेले. त्या दिवशी पंगतीत त्यांनी पैजेवर अकरा जिलब्या खाल्ल्या आणि लोकांनी वाहवा केली. बुवांनी ती पंगत पाहिली नाही, पातेल्यांकडे तोंड करून बसले.

दीड वर्षानं पारशिवनीहून बैलगाडी आली. गोपाळराव गेले होते. आधी पाय सडला, मग सगळंच. तेरवीचं जेवण बुवांनीच करावं असं जिजाबाईंनी सांगून पाठवलं होतं. बुवा गेले. बुंदी पाडली, लाडू वळले. माणसं लाडवावर लाडू घेत होती. बोटं चाटत होती आणि मालक किती दिलदारपणे खायचे ते सांगत होती.

जिजाबाई स्वतः लाडू घेऊन आल्या. "बुवा, आज तरी एक घ्या. त्याच्या नावाचा आहे."

"त्याच्या नावाचा आहे म्हणूनच नको, बाई."

त्यांनी फडक्यातून दोन तोळे भाकरी काढली, सोबत यमुताईंनी दिलेली कारल्याची भाजी. चुलीपाशी बसून, तोंड वाकडं करत, त्यांनी ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.