उंदरांच्या जाती ओळखणारा

शहाऐंशी-सत्याऐंशीत मी कामतघरच्या एका लूम कारखान्यात कारकून होतो. तिथे उंदीर पकडायला अकलोलीकडचा एक म्हातारा यायचा. पिंजरा लावण्याआधी तो सुताच्या पोत्यांपुढे पोटावर झोपून वास घ्यायचा.

"ह्ये वरनं कुरतडलंय. कौलातला हाय, लांब शेपटीचा, भित्रा. ह्ये खालनं, म्हंजे घूस. चिडली का डुकरावानी गुरगुरते. शेतातला सुताला शिवत न्हाय, त्याला भाताच्या लोंब्या लागतात."

जणू सोयऱ्यांचे स्वभाव सांगतोय.

एकदा शेठनं त्याला कमरेच्या उंचीवर फाटलेलं पोतं दाखवलं. त्यानं भोकात बोट फिरवलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"ही जात पिंजऱ्यात येत न्हाय," तो शेठला म्हणाला. "सांगितलं का ऐकते."

"मग सांग की तिला," शेठ वैतागला.

"सांगितलं."

त्या दिवसापासून मी घरी सूत नेणं सोडलं.