भोंगा न झालेली दुपार

काळाचौकीतली बकुळाची खानावळ म्हणजे चाळीतली एकच खोली, एक चूल आणि जेवायला नऊ गिरणीवाले. शिवाय घरची दोन पोरं. धाकट्या शिवाला नुकतेच पाय फुटलेले. त्याला चुलीपासून लांब ठेवायला ती जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या कमरेला अन् खाटेच्या पायाला बांधायची. पण पाच वर्षांच्या मीनाक्षीला कुठं बांधणार? ती आपली सारखी पाठीशी.

"आये, ऐक ना. एक गंमत सांगायचीय."

"भोंगा होऊ दे गं."

गिरणीचा दुपारचा भोंगा होईपर्यंत माणसांचे डबे गिरणीत गेलेले असायचे. मग भांड्यांना हात लावायच्या आधीचा एवढासा वेळ पोरांचा. पोरीला घड्याळ कळत नव्हतं, भोंगा कळायचा.

त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. गिरण्या बंद, नऊच्या नऊ माणसं दारात, अन् सगळ्यांना मोर्चाला जायची घाई. नवरा भिवा पहाटेच झेंडा घेऊन गेलेला. बकुळा भाकरी थापतेय, आमटी ढवळतेय, पायानंच शिवाला मागं सारतेय.

"वयनी, चटणी!"

"आये, झाला का भोंगा?"

"नाही गं बाई! झाला की सांगते."

सगळे जेवून गेले. खोली एकदम शांत झाली, तशी बकुळानं मागं वळून पाहिलं. पाठीशी कोणीच नव्हतं.

"मीने!"

शेजारची सुंदराबाई दारातून म्हणाली, "अगो, मघाशी माका विचारीत होती, भोंगा का नाय झालो म्हणून. मी थट्टेन म्हटलंय, जा, त्या वाजवणाऱ्याकच विचार!"

"अहो सुंदराबाय, थट्टेलासुद्धा वेळकाळ असतो!"

शिवाला कडेवर मारून, पिठाच्याच हातांनी बकुळा जिना उतरली. दुकानं बंद. नाक्यावर पोलिसांची गाडी. लांबून घोषणा ऐकू येत होत्या, मधेच कसला तरी आवाज झाला अन् माणसं गल्लीत पळाली. भिंतीला धरून धरून ती गिरणीच्या फाटकाशी पोचली.

फाटकाच्या गजांना धरून मीनाक्षी उभी होती. आत स्टुलावर कुशाबा पहारेकरी, पार घायकुतीला आलेला.

"बाई, पोर तुमची का? तासभर जीव खाल्ला माझा! भोंगा वाजवा म्हणते. म्हटलं, आज हरताळ हाय. तर म्हणते, थोडासाच वाजवा, माझ्या आयेला ऐकू जाईल एवढा."

बकुळानं मारायला हात उगारला होता. तो तिनं तसाच पोरीच्या डोक्यावर ठेवला. पोरीचे केस पिठानं पांढरे झाले.

"सांग," ती म्हणाली.

"इथं?"

"इथंच. बस."

फाटकाशेजारच्या दगडावर ती टेकली. घरी आमटीचं पातेलं उघडं होतं, भांड्यांचा ढीग होता, भिवाचा पत्ता नव्हता. दोनदा उठायला गेली अन् दोनदा बसली. मीनाक्षीची गंमत होती एका मांजरीची, गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. मांजर जिन्यावर आली, मग गेली, मग परत आली.

"मग?" बकुळानं विचारलं.

"मग ना, थांब हां," पोरगी म्हणाली, "पहिल्यापासून सांगते."