ताईंच्या करंगळीतला मोती

मी चांदीच्या अंगठ्या, कानातली, पेंडंट घडवते. वर्तकनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत एक टेबल टाकलंय. त्यावर करवत, कानशी, चिमटे आणि डाग द्यायची, म्हणजे सांधे जोडायची, छोटी गॅसची टॉर्च असते. नवऱ्याच्या भाषेत ह्या सगळ्याला पसारा म्हणतात.

लोकांना नुसता खडा नको असतो, त्याची गोष्टही हवी असते. नीलम तर आधी उशाखाली ठेवून झोपतात आणि वाईट स्वप्न पडलं की परत आणून देतात. एक बाई म्हणाली, स्वप्नात सासूबाई आल्या, नको हा खडा. घेतला बाई परत, काय बोलणार? माझा ह्यावर फारसा विश्वास नाही. तरी कोंदण मी मागून उघडंच ठेवते, कारण खडा अंगाला लागल्याशिवाय गुण देत नाही म्हणतात. गुणाचं मला ठाऊक नाही. पण बोटाकडे बघून माणूस जरा निवांत होतो, एवढं मी पाहिलंय.

मी केलेली पहिली अंगठी ताईंची. ताई म्हणजे माझी मोठी नणंद, राहायला डोंबिवलीत. त्यांच्या गुरुजींनी त्यांना मोती सांगितलेला. चंद्राचा खडा, मन शांत राहावं म्हणून; चांदीतच, करंगळीत, सोमवारी निरशा दुधात बुडवून घालायचा. आता ताईंइतकं शांत माणूस आमच्या अख्ख्या घरात नाही. मोत्याची खरी गरज मला होती, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आधीचे दोन क्लास अर्धवट सोडून तेव्हा मी नुकताच हा चांदीकामाचा क्लास लावलेला. एकदा डाग देताना कानातलं वितळून त्याचं पाणी झालं, तर मी चिमटा भिरकावून दिला आणि उद्यापासून येणार नाही म्हणून घरी निघून आले. ताईंच्या कानावर ते गेलंच. दुसऱ्या दिवशी मोती घेऊन हजर. म्हणाल्या, "सोनाराकडे नाही द्यायचाय, तूच बसव."

बसवला. कोंदण जरा वाकडं झालेलं, पण त्यांनी अंगठी घातली आणि म्हणाल्या, "अगदी मापात बसली गं." मग भिशीत, हळदीकुंकवाला, डोंबिवलीभर मिरवली. माझी सुरुवातीची सगळी गिऱ्हाइकं त्यांच्या करंगळीकडे बघून आली. मीही काय कमी, क्लासच्या नव्या मुलींना ऐकवायचे, पहिलीच अंगठी आणि अंदाजाने केली, तरी बरोब्बर बसली.

गेल्या वर्षी ताईंच्या पित्ताशयाला सूज आली. आत खडे झालेले. डॉक्टर म्हणाले, लांबवायचं नाही, आत फुटलं तर जिवावर बेतेल. दुपारी ऑपरेशन ठरलेलं आणि सकाळी ताईंच्या मिस्टरांचा फोन आला. "अगं, अंगठी काढू देत नाहीये. मूठ मिटून बसलीय. अंगावर धातू चालत नाही म्हणतात. काढली नाही तर आज आत घेणार नाहीत."

"गुरुजींना विचारा ना."

"विचारलं. ते म्हणाले, काढून देवापाशी ठेवा, काही होत नाही. तरी ऐकत नाही. सिस्टर कटर घेऊन आली तर रडायलाच लागली."

मी चिमटे, करवत पर्समध्ये कोंबली आणि टॅक्सी केली. माजिवड्याला नेहमीप्रमाणे ट्रॅफिक. मी ताईंना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की बस. एवढं मेलं खूळ डोक्यात घ्यायचं असतं का? आणि मधेच वाटायचं, ह्या बाईला काही झालं तर काय करू मी.

मला बघून ताईंचा चेहराच उतरला. "तू कशाला आलीस?" हात चादरीखाली.

मग मात्र माझं डोकं सटकलं. "मी घडवलेली अंगठी आणि मलाच हात लावू देणार नाही? बास झालं ताई. द्या हात."

दिला. सलाईनने पार सुजलेला. मी हात उलटा केला, तर अंगठीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा जाड वेढा. वरून कधी दिसलाच नव्हता. चिमट्याने टोक धरून ओढलं. आधी काळा दोरा निघाला, त्याखाली मरून, त्याखाली बाटली-हिरवा. सगळे ब्लाउज शिवायचे दोरे, झिजले की वरून नवीन गुंडाळलेले. शेवटचा सुटला आणि थोडं तेल लावल्यावर अंगठी निघून माझ्या हातात आली.

"एवढी सैल होती? मग सांगायचं नाही का? दुसरी करून दिली असती."

"कुठली करतेस," ताई म्हणाल्या. "सैल झाली म्हटलं असतं तर हेही सोडून दिलं असतंस."

शंभर टक्के तसंच झालं असतं. तेवढ्यात त्यांना न्यायला आले.

बाहेर बाकावर बसून मी ती अंगठी माझ्या मधल्या बोटात घातली. तिथेही फिरत होती. लोक मला विचारतात, हे कुठे शिकलात, आणि मी क्लासचं नाव सांगते. त्या बाकावर बसून मला कळलं की ती मूठ माझ्यापासून दोरा लपवायला मिटलेली होती, आणि मला ह्या टेबलापाशी कोणी बसवून ठेवलं. देवाला एवढंच म्हटलं, हिला नीट बाहेर आण, मला तिचे आभार मानायचेत. डॉक्टर बाहेर येऊन सगळं छान झालं म्हणाले, तेव्हा ताईंच्या मिस्टरांच्या आधी मीच रडले.

दुसऱ्या दिवशी ताई उठून बसल्या. आभाराचं भाषण मी घोकून गेले होते, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "ताई, आता माप घेऊन नवीन करते."

"काही नको," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी येशील तेव्हा दोरा घेऊन ये."